तेजाबात धुतलेली स्प्रिंग

जळगाव,
४ ऑक्टोबर १९३७

प्रिय लोटन,

तुझ्या कमलची नेमणूक झाल्याचं कार्ड काल आलं. देवापाशी ठेवण्याऐवजी मी ते सबंध आळीत वाचून दाखवलं. नरडाण्याच्या दवाखान्यात नर्स! अठराव्या वर्षी पोरीचं कुंकू पुसलं गेलं, तेव्हा ज्या बायका माझ्या ओट्यावर बसून ‘आता हिचं कसं होणार’ म्हणून उसासे टाकत होत्या, त्यांना मुद्दाम आधी सांगितलं. हा माझा दुष्टपणा समज. बाप तू असलास, तरी तिची आई गेल्यापासून ती माझ्याकडे वाढली आहे. थोडा हक्क मी सांगणारच.

पण तिथल्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट कळवलं आहे. बाळंतपणांना गावोगाव जावं लागेल, तेव्हा दिवाळीनंतर येताना जाण्यायेण्याची सोय स्वतः करून या, नाहीतर जागा दुसरीला देऊ. म्हणून मी ठरवलं आहे की यांची सायकल तिला द्यायची. आठवते ना तुला? हे शाळा तपासायला बोदवडपासून फैजपूरपर्यंत जिच्यावरून हिंडत, ती विलायती सायकल. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर दोन स्प्रिंगा आहेत. चाक खड्ड्यात गेलं की चिमटा खालीवर होतो आणि हातांना हिसका बसत नाही. हे म्हणत, “कुंदा, ही सायकल नाही, पाळणा आहे.” संध्याकाळी कोपऱ्यावर घंटी वाजली की मी चहाचं आधण ठेवत असे.

हे गेल्यापासून ती मागच्या पडवीत उभी आहे, आणि पडवीचा पत्रा गळतो. मागचं चाक ठीक आहे. पुढचा चिमटा मात्र गंजून भाकरीच्या पाठीसारखा खरखरीत झाला आहे. स्प्रिंगांच्या वेढ्यांत तांबडा भुगा भरला आहे. रंग मीच देणार. पण आधी गंज कसा काढू ते सांग. सारा जन्म रेल्वेच्या कारखान्यात घालवलास, बहिणीच्या उपयोगी पड.

तुझी,
कुंदाअक्का

*

जळगाव,
१५ ऑक्टोबर १९३७

चि. कमल,

पुण्याची परीक्षा, निरोप, बांधाबांध या सगळ्यात तुला वेळ नसणार, तरी हे वाच. तुझ्या बापाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर नाही. मी काय वाट पाहत बसणार होते? चिमटा सोडवला, नळ्या विटेच्या भुकटीने घासल्या. हाताची सालं निघाली, पण गंज निघाला. स्प्रिंगांच्या वेढ्यांत मात्र बोट जाईना, काथ्या जाईना.

शेवटी शेजारच्या रुपचंद सोनाराकडे गेले. तो दागिने तेजाबात उजळतो ना! स्प्रिंगा पाहून म्हणाला, “काकू, हे माझं काम नाही. मी सोनं जाणतो, लोखंड नाही.”

मी म्हटलं, “रुपचंद, माझ्या भाचीच्या पाटल्या समज.”

“एवढ्या जाड पाटल्या घालते होय तुमची भाची?” म्हणाला, पण घातल्या. काय बुडबुडे आले! थोड्या वेळाने म्हणाला, “पुरे, काढतो.” मला आत अजून तांबडं दिसत होतं. म्हटलं, राहू दे. संध्याकाळपर्यंत ठेवायला लावल्या. बाहेर काढल्या तेव्हा चांदीसारख्या लखलखत होत्या. दिवाळीच्या आधी आपण दोघी चिंच लावून तांब्याची भांडी घासायचो, तेव्हा मी तुला काय सांगायचे? चकाकलं की स्वच्छ झालं.

आज सगळ्याला तांबड्या अस्तराचा एक हात दिला. उद्या काळा रंग. स्प्रिंगांनाही देणार, म्हणजे पुन्हा पाणी शिरायला नको.

तुझी सायकल पाहून गावातल्या बायका हसतील. हसू दे. मला आठवीत मिशनच्या सिस्टरांनी शाळेच्या पटांगणात सायकलवर बसवलं, तेव्हा भुसावळ स्टेशनातले हमाल कुंपणाशी उभे राहून हसत होते. त्या हसण्याने कुणी पडत नाही.

तुझी,
आत्या

*

धुळे,
१८ ऑक्टोबर १९३७

कुंदाअक्का,

हिवतापाने अंथरुणाला खिळलो होतो, म्हणून उशीर. आज पेज प्यायलो आणि आधी तुला लिहायला बसलो.

सायकल देतेस, हे मोठं काम केलंस. इथे लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, “लोटनभाऊ, पोरगी सायकलवर बसणार म्हणे?” मी सांगतो, “हो, पुढे घंटी आहे, बाजूला व्हा.”

आता गंजाचं. नळ्या दोन दिवस घासलेटच्या फडक्यात गुंडाळून ठेव. मग काथ्या आणि विटेची भुकटी, शेवटी काचकागद. स्प्रिंगांना घाई नको. घासलेटात बुडवून ठेव, रोज बाहेर काढून वेढ्यांतून सुतळी ओढ, पुन्हा बुडव. आठवडा लागेल. वेळ आहे.

आणि हे नीट वाच, मडमिणीच्या शाळेत हे शिकवलं नसेल. स्प्रिंगेला तेजाब लावू नकोस. तुझ्या शेजारी सोनार आहे आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. साध्या लोखंडाला फार काही होत नाही, पण स्प्रिंगेचं पोलाद कडक असतं. तेजाबाने ते वरून उजळतं आणि आतून ठिसूळ होतं. आमच्या कारखान्यात अशी स्प्रिंग पंधरा दिवस नीट चालली आणि मग काचेसारखी तुटली. एका फिटरचा डोळा गेला. चुकून लागलंच असेल तर बेकरीच्या भट्टीत, पाव निघाल्यावर, मंद आचेत दिवसभर ठेव. तेजाबाचा दोष निघून जातो. रंग दिला असेल तर जळेल. जळू दे, पुन्हा देता येतो.

लोटन

*

जळगाव,
२४ ऑक्टोबर १९३७

प्रिय लोटन,

ताप उतरल्याचं वाचून बरं वाटलं. थोडे दिवस आंबट खाऊ नकोस.

सायकल अगदी छान झाली आहे. घासलेट, काथ्या, विटेची भुकटी, काचकागद, सगळं तू लिहिलंस तसंच. काळा रंग असा बसला आहे की तोंड दिसतं. उद्या मालगाडीने नरडाण्याला जाईल, पावती कमलला पाठवते.

सहज विचारते. समोरच्या बाईंच्या मुलाने त्याच्या कसल्याशा स्प्रिंगा तेजाबात घातल्या होत्या म्हणे. त्या प्रत्येक वेळी तुटतातच का, की एखाद्याच्याच तुटतात? मी हँडलवर सगळा भार देऊन पाहिला. म्हणजे त्या मुलाने पाहिला. काही झालं नाही. तर मग चिंता नाही ना?

उत्तराची घाई नाही.

तुझी,
अक्का

*

नरडाणा,
२१ नोव्हेंबर १९३७

आत्या,

इथल्या धुळीसकट तुला नमस्कार!

आज रविवार, म्हणून लांब लिहिते. तुझी सायकल म्हणजे खरंच पाळणा आहे. इथले रस्ते म्हणजे नुसते दगड, त्यांत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. कंपाउंडर हिलालभाऊंची सायकल ठेचकाळते आणि त्यांच्या टोपीपासून चष्म्यापर्यंत सगळं उडतं. मी मागून गाणं म्हणत जाते.

पिंपरखेडला पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्या बायका धुणं टाकून आल्या. एक म्हातारी चिमट्याला हात लावून म्हणते, “हाई काय शे वं बाई? गाडीले मांड्या शेतस का?” दुसरी म्हणाली, “बैल नही, घोडं नही, आन् बाई पळस!” मी म्हटलं, बसता का मागे? तर पदर तोंडावर घेऊन पळाल्या. त्यांच्यात धुरपदा नावाची एक आहे, पहिलटकरीण, माझ्यापेक्षा लहान. ती मात्र पळाली नाही. म्हणाली, “मन्हा टाईमले हाईच गाडी लई ये.” बाळंतपणाला हीच सायकल घेऊन येईन, असं मी वचन दिलं आहे. पौषात तिचे दिवस भरतील.

डॉक्टर काल म्हणाले, “बाई, तुम्हाला घेतलं ते बरं झालं.” आत्या, कितीतरी वर्षांनी मला वाटलं की मी कुणाच्या घरी ओझं म्हणून राहत नाही. हे सगळं तुझ्या हातांनी झालं.

तुझीच,
कमल

*

नरडाणा,
१२ जानेवारी १९३८

आत्यास नमस्कार.

अक्षर वाईट आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्याला थोडं लागलं आहे. काळजी करू नये. सायकल सध्या बंद आहे. थंडी खूप आहे. बाकी ठीक.

कमल

*

जळगाव,
१५ जानेवारी १९३८

चि. कमल,

थोडं म्हणजे किती? कसं लागलं? सायकल बंद म्हणजे काय झालं? चाक की चिमटा? स्प्रिंगा ठीक आहेत ना? हळदीचा लेप लाव. पडलीस का? कुठे पडलीस? दोन्ही स्प्रिंगा नीट आहेत का, एवढं तरी उलट टपालाने कळव.

हाताचं आधी विचारायला हवं होतं.

आत्या

*

धुळे,
२३ जानेवारी १९३८

अक्का,

कमल तुला काही सांगणार नाही, म्हणून मी लिहितो. काल नरडाण्याहून आलो.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी पिंपरखेडहून माणूस आला, धुरपदाबाई अडली आहे म्हणून. कमल लगेच निघाली. गावाअलीकडे नाला आहे, त्याच्या उतारावर पुढची स्प्रिंग तुटली. हँडल खाली गेलं आणि पोरगी दगडांवर पडली. उजवं मनगट मोडलं. पदराने हात गळ्यात बांधून ती पुढचा रस्ता चालत गेली. पोहोचली तेव्हा मुलाचे पाय बाहेर आले होते. एका हाताने तिने जमेल ते केलं. बाई वाचली, मुलगा गेला. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणि दोन हातांनी पोहोचली असती तरी वाचला असता असं कोणी सांगू शकत नाही. नसता असंही सांगू शकत नाही.

कमलने राजीनामा लिहून दिला आहे. म्हणते, “नाना, उतारावर खाली उतरायला हवं होतं. मी मिजाशीत होते. सायकलवरून जाणारी बाई म्हणून लोक बघतात, त्याची मला चटक लागली होती.” डॉक्टरांनी कागद खणात ठेवला आहे. महिनाअखेरपर्यंत विचार करा म्हणाले. ती ऐकत नाही. धुळ्याला येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसणार म्हणते.

तुटलेली स्प्रिंग मी पाहिली. रंगाखालचं पोलादही पाहिलं. अक्का, तू समोरच्या बाईंच्या मुलाचं विचारलं होतंस, तेव्हाच मी समजलो होतो. तुझ्या घरासमोर गिरणीची भिंत आहे, बाई कुठून येणार? मी मनाशी म्हटलं, अक्काने भट्टीत घातल्या असतील, कबूल करायची लाज वाटत असेल. उत्तर लिहिलं नाही. तेवढा माझाही वाटा आहे.

कमलला मी सांगितलं की पोलाद जुनं होतं. तेच राहू दे. आता खरं सांगून मेलेलं मूल परत येणार नाही, आणि तुला तिच्याशिवाय कोण आहे?

लोटन

*

जळगाव,
२६ जानेवारी १९३८

कमल,

हे पत्र एकटी असताना वाच.

तुझे नाना म्हणाले ते खोटं आहे. पोलाद जुनं असेल, पण ते मी मोडलं. ऑक्टोबरात तुला मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं की स्प्रिंगा तेजाबात उजळल्या. त्यानंतर चार-पाच दिवसांत लोटनचं पत्र आलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तेजाबाने स्प्रिंग ठिसूळ होते, माणसाच्या जिवावर बेतते. उपायही लिहिला होता. बेकरीची भट्टी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तू लहानपणी तिथून नानकटाई आणायचीस.

पत्र वाचलं तेव्हा सायकल ओसरीवर उभी होती. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं होतं. यांच्या हयातीत कधी दिसली नाही इतकी देखणी दिसत होती. भट्टीत घालायचं म्हणजे सगळं पुन्हा सोडवायचं, रंग जाळायचा, आणि लोटनपाशी कबूल करायचं की तुझ्या पत्राची वाट न पाहता मी शहाणपणा केला. मी हँडलवर दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. स्प्रिंग मोडली नाही. मी ती परीक्षा मानली आणि थोड्याच दिवसांत सायकल स्टेशनवर पाठवली. तुझ्या नानांना लिहिलं की घासलेट वापरलं.

आम्हाला भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर रुमाल हातात घेतला की आधी उलटा करून पाहायच्या. मागची बाजू गुंत्याची असेल तर पुढच्या फुलाकडे ढुंकून बघायच्या नाहीत. मी वर्गात पहिली यायचे, कमल.

तू उतारावर खाली उतरली असतीस तरी ती स्प्रिंग पुढे कुठेतरी तुटलीच असती. मिजास तुझी नव्हती, माझी होती. राजीनामा मागे घे. मला क्षमा कर असं लिहिणार नाही, कारण ते लिहिलं की तुला उत्तर देणं भाग पडेल. तू नोकरी सोडू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

आत्या

*

नरडाणा,
६ मार्च १९३८

ती. आत्या यांस,

हाताच्या पट्ट्या काढल्या. बोटं अजून आखडतात, पण लेखणी धरता येते. राजीनामा मागे घेतला. तुमच्या पत्रामुळे घेतला, हे मी नाकारत नाही.

उत्तराला महिन्याहून जास्त वेळ लागला, कारण रोज वेगळं उत्तर सुचत होतं. राग कशाचा आला ते सांगते. स्प्रिंग तेजाबात घातलीत त्याचा नाही. भट्टीत घातली नाहीत त्याचाही एक वेळ विसरेन. पण मी इथून तुम्हाला पाळणा पाळणा म्हणून लिहीत होते, आणि ठाऊक असून तुम्ही ते वाचत होतात. तेव्हा एक तार केली असती तरी चाललं असतं. ते मला अजून गिळता येत नाही.

सायकल हिलालभाऊंनी नेली आहे. तिला साधा, बिनस्प्रिंगेचा चिमटा बसवणार आहेत. तोवर मी बैलगाडीने जाते.

आता लिहिण्याचं खरं कारण. गेल्या बुधवारी पिंपरखेडला गेले होते. धुरपदा उठून कामाला लागली आहे. मला बघून म्हणाली, “बाई, तुन्हा हात मोडना, आन् तूच कसाले रडस?” मी विचारलं, तू कशी आहेस? तर आतून तिची सासू बोलली, मला ऐकू जावं म्हणूनच बोलली: “सातवा महिनाम्हा कापूस येचाले गयी. पोऱ्या खाई टाका इन्नी.” धुरपदाने मान खाली घातली. मूल आपल्यामुळेच गेलं, हे तिला खरं वाटतं. सबंध गाव तेच म्हणतं. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी थांबत नाहीत.

तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. ते तिच्या सासूला वाचून दाखवावं म्हणून मी दारापर्यंत परत गेले आणि उंबऱ्याशी थांबले. ते माझ्या तोंडून निघणं बरोबर नाही. मला खरं सांगून तुम्ही मला सोडवलंत. पण खरं ऐकायचा पहिला हक्क माझा नव्हता.

कमल

*

जळगाव,
१४ मार्च १९३८

चि. कमल,

शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघते. नरडाण्याला उतरून पिंपरखेडची बैलगाडी मीच ठरवीन. स्टेशनवर येऊ नकोस. तुला माझ्याशी बोलायचं नसेल, तर मी तशीच संध्याकाळच्या गाडीने परतेन, दवाखान्याकडे येणार नाही.

लोटनला कळवलं आहे. त्याचं उत्तर आलं, “अक्का, गाव आहे, चार शब्द ऐकावे लागतील, सोबत येऊ का?” नको म्हटलं.

सासू घरात असेल, चार बायका असतील, अशाच वेळी जाईन. एकट्या धुरपदाच्या कानात सांगून उपयोग नाही. तिला जे ऐकावं लागतं ते सगळ्यांसमोर ऐकावं लागतं.

मला भीती वाटते, हे लपवत नाही. अंगावर येतील, हाकलून देतील, तर ते समजेल. पण जळगावची एवढी मोठी बाई आली म्हणून उठून उभ्या राहिल्या, पाटावर बसवलं, चहा पुढे केला, तर मी काय करू? त्याची भीती जास्त आहे. चहा घेण्याआधी बोलायचं, असं मनाशी ठरवलं आहे.

आणखी एक. तिकडची अहिराणी मला नीट येत नाही. आपल्या घरची बोली वेगळी, आणि शाळेने तीही पुसली. पुस्तकी मराठीत बोलले तर त्यांना वाटेल, कुणी मडम भाषण करते आहे. म्हणून एकच वाक्य आळीतल्या भाजीवालीकडून शिकून घेतलं: “माय, चूक मन्ही शे. हाई पोरनी नही.” पीठ मळताना मोठ्याने म्हणून पाहते. पहिला अर्धा भाग जमतो. दुसऱ्याला, पोरीची नाही म्हणताना, आवाज जातो.

तू त्या वेळी तिथे असलीस आणि माझा आवाज गेला, तर मधे बोलू नकोस. थांब. मलाच म्हणू दे.

आत्या